मालक डॉक्टर, किल्ली दुसऱ्याकडे

३५७ दातांची माळ. खऱ्या, माणसांच्या, उपटलेल्या दातांची. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाच्या दंतसंग्रहात ती आहे, आणि तिच्या जोडीला दातांनी भरलेली एक बादलीही आहे. माळ गळ्यात घालून मिरवणारा दंतवैद्य सांगायचा, हे सगळे दात मी एका दिवसात काढलेत. त्याचं आडनाव पार्कर, जन्म १८७२चा, कॅनडातला. दात काढायला अर्धा डॉलर आणि दुखलं तर उलट आम्ही पाच डॉलर देऊ, अशी त्याची जाहिरात असे. दात काढताना शेजारी बँड वाजायचा. बँडमुळे गर्दी जमायचीच, शिवाय खुर्चीतल्या माणसाची किंकाळी त्या गर्दीला ऐकू जात नसे. पुढे या पठ्ठ्याने एक सर्कसच विकत घेतली. जाहिरातीतला ‘पेनलेस’ हा शब्द खोटा आहे, असा आक्षेप आला तेव्हा १९१५ साली त्याने रीतसर स्वतःचं नाव बदलून ‘पेनलेस पार्कर’ करून घेतलं. आता माणसाच्या नावालाच खोटं कोण म्हणणार?

असा माणूस कायद्याच्या पुस्तकात भोंदू म्हणून सापडेल असं वाटतं. पण त्याची पदवी खरी होती आणि परवानाही खरा होता. तो पुस्तकात सापडतो तो निराळ्याच कारणासाठी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याने दवाखान्यांची साखळी उभारली होती आणि तिचा व्यवहार कंपनीच्या नावाने चालायचा. दंतवैद्यक मंडळाने त्याच्या परवान्यावर कारवाई केली आणि प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९३२ साली न्यायालयाने सांगितलं की वकिली, वैद्यकी आणि दंतवैद्यकी कंपनीला करता येत नाही, आमच्या राज्यात हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे.

अमेरिकेत खाजगी कंपन्या तुरुंग चालवतात. पाणीपुरवठा, रेल्वे, अग्निबाण, सगळं शेअर बाजारात विकत मिळतं. त्याच देशात, कॅलिफोर्नियातल्या एखाद्या अब्जाधीशाला गल्लीतला त्वचारोगाचा दवाखाना आवडला, तर तो त्याला विकत घेता येत नाही. इमारत घेता येईल, खुर्च्या, यंत्रं, संगणक घेता येतील. दवाखाना, म्हणजे तिथे चालणारी वैद्यकी, मात्र परवानाधारकांच्याच हाती राहिली पाहिजे. राज्याच्या कायद्यात एक छोटं कलम आहे. त्याचा मथितार्थ असा की कंपनीसारख्या कृत्रिम व्यक्तींना वैद्यकीचे कुठलेही हक्क किंवा अधिकार नाहीत. या सगळ्या नियमसमूहाला तिथे ‘कॉर्पोरेट प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’चा सिद्धान्त म्हणतात.

हा सिद्धान्त वॉशिंग्टनमध्ये लिहिला गेलेला नाही. वैद्यकीचे परवाने राज्यं देतात, त्यामुळे नियमही राज्याराज्यांचे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टेक्सास ही कडक राज्यं. फ्लोरिडात सर्वसाधारण डॉक्टरांना अशी मनाई नाही, पण दंतवैद्यांना आहे. काही ठिकाणी कायद्यात कलम आहे, काही ठिकाणी फक्त जुने निकाल, तर काही ठिकाणी वैद्यक मंडळाचं एखादं परिपत्रक.

यामागचा तर्क गमतीदार आहे. १८८९ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या डेंट नावाच्या एका वैद्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की वैद्यकी करायला परवाना लागेल, असं राज्य म्हणू शकतं. परवान्यासाठी शिक्षण हवं, परीक्षा हवी, वर्तणूक चांगली हवी. कंपनीला परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे तिला परवाना मिळणार नाही. मग तिने डॉक्टर नोकरीला ठेवला तर नोकराचं काम हे मालकाचंच काम, म्हणून कंपनीच विनापरवाना वैद्यकी करते आहे! हा तर्क सगळ्यांना पटला नाही. नेब्रास्काच्या न्यायालयाने १९०५ सालीच सांगून टाकलं होतं की करार करणं म्हणजे वैद्यकी करणं नव्हे, नाडी डॉक्टरच पाहतो आणि त्याच्याकडे परवाना आहे. माझ्या मते निव्वळ तर्काच्या पातळीवर नेब्रास्काचंच बरोबर होतं. पण कायदा दरवेळी तर्कावर टिकतो असं नाही. या नियमाला टिकवून धरणारं भय खरं होतं आणि त्या भयाचा जन्म खाणीत आणि जंगलात झाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे, कोळशाच्या खाणी आणि लाकूडतोडीच्या छावण्या अशा जागी होत्या, जिथे मैलोन्‌मैल डॉक्टर नसे. मग कंपनीच डॉक्टर नेमायची आणि मजुराच्या पगारातून त्याचे पैसे कापून घ्यायची. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण मजुराचा हात यंत्रात गेला की तो हात बांधणारा डॉक्टर आणि दुखापतीला जबाबदार कोण हे न्यायालयात सांगणारा डॉक्टर एकच, आणि त्याला पगार देणारी ती कंपनीच. मजूर बरा झाला की नाही, कामावर कधी जाऊ शकतो, हे कोण ठरवणार? डॉक्टरची निष्ठा दोन ठिकाणी विभागली जाते हा सिद्धान्ताचा सगळ्यात भक्कम आधार, आणि शंभर वर्षांनंतरही तो तेवढाच ठणठणीत आहे.

डॉक्टरांच्या संघटनेने या भयाचा झेंडा उचलला. १८४७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या नीतिनियमांत १९३४ साली स्पष्ट लिहिलं की बिगरडॉक्टरांना डॉक्टरच्या कामातून थेट नफा होऊ देणं व्यवसायाला अशोभनीय आहे. इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण तोच झेंडा घेऊन संघटनेने पुढे काय केलं, तेही पाहू.

ओक्लाहोमातल्या एल्क सिटी या गावी मायकेल शदीद नावाच्या लेबनॉनहून आलेल्या डॉक्टरने १९२९च्या सुमारास शेतकऱ्यांना एकत्र केलं. शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून सहकारी इस्पितळ उभं करायचं आणि वर्षाला ठरावीक वर्गणी भरून उपचार घ्यायचे, अशी योजना. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला यात खटकण्यासारखं काही दिसणार नाही. तिथल्या डॉक्टरांना मात्र ते भलतंच खटकलं. शदीद यांना सभासदत्वातून काढायचं तर कारण लागतं, म्हणून स्थानिक वैद्यकीय मंडळाने स्वतःच विसर्जित होऊन पुन्हा नव्याने स्थापना केली आणि नव्या मंडळात शदीद यांना घेतलंच नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी १९३७ साली ‘ग्रुप हेल्थ असोसिएशन’ काढली, तिथेही तेच. तिच्यात काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटनेने इतकी कोंडी केली की केंद्र सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली थेट फौजदारी खटला भरला. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने संघटनेची शिक्षा कायम केली. दंड होता २,५०० डॉलर. डॉक्टरांच्या शिखरसंस्थेला, गुन्हेगार म्हणून.

म्हणजे कोळशाच्या खाणीचा मालक आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था, दोघंही ‘बिगरडॉक्टर’ म्हणून एकाच रेघेत उभे केले गेले. रुग्णाचं संरक्षण आणि धंद्याची राखण एकाच वाक्यात बसवता आली, हे या नियमाच्या दीर्घायुष्याचं रहस्य असावं. न्यायालयांना मात्र हा फरक थोडाफार कळत होता. कॅलिफोर्नियाने १९३८ साली ‘पॅसिफिक हेल्थ’ या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मनाई केली, पण ना-नफा संस्थांची गोष्ट वेगळी आहे, असं त्याच निकालात सांगितलं.

निर्बंधातून कधीकधी काहीतरी सुंदरही घडतं, त्याचा दाखला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचं काम चालू होतं. सिडनी गारफील्ड या तरुण सर्जनने १९३३ साली डेझर्ट सेंटर नावाच्या आडजागी एक छोटं इस्पितळ बांधलं. मजूर येत, पण बिलं वसूल होईनात आणि इस्पितळ बुडायच्या बेताला आलं. मग तोडगा निघाला तो असा की विमा कंपनीने कामावरच्या अपघातांसाठी ठरावीक रक्कम आगाऊ द्यायची, आणि इतर आजारांसाठी मजुराच्या पगारातून रोजचे पाच सेंट कापायचे. गणित एका रात्रीत उलटं झालं. आधी जखमी मजूर म्हणजे कमाई होती, आता तो खर्च झाला. गारफील्ड कामाच्या जागी जाऊन फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घ्यायला लावू लागले. खिळा पायात जाऊन धनुर्वात झाला तर त्याचा खर्च आता त्यांच्याच खिशातून जाणार होता.

पुढे उद्योगपती हेन्री कायझर यांनी गारफील्डना आधी ग्रँड कूली धरणावर आणि मग महायुद्धात आपल्या जहाजांच्या गोद्यांवर नेलं. १९४५ साली ही योजना सर्वांसाठी खुली झाली. तिचंच आजचं रूप म्हणजे ‘कायझर परमनंते’. बाहेरून ती एकच अवाढव्य संस्था वाटते. आत मात्र तीन वेगळ्या खोल्या आहेत. विमायोजना एक, इस्पितळं दुसरी, आणि डॉक्टर तिसरे. ते आपापल्या प्रदेशातल्या स्वतंत्र ‘परमनंते मेडिकल ग्रुप’चे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांची भागीदारी १९४८ साली वेगळी झाली. विमायोजना डॉक्टरांना नोकरीला ठेवत नाही, ती त्यांच्या गटाशी करार करते. डॉक्टर निवडणं, डॉक्टरला काढणं, त्याचं काम चांगलं की वाईट हे ठरवणं गटाच्या हाती. या भिंतीमागे राज्याचा नियम होता आणि डॉक्टरांचा हट्टही होता. १९५५ साली ताहो सरोवराकाठी कायझरची माणसं आणि डॉक्टर यांची कडाक्याची बोलणी झाली, तीही याच मुद्द्यावर, म्हणजे कारभारी कोण यावर.

नियमाच्या बारीक खाचाखोचा पाहिल्या की चकित व्हायला होतं. कॅलिफोर्नियात डॉक्टरांनी दवाखान्याची कंपनी काढायची तर ती ‘प्रोफेशनल कॉर्पोरेशन’, थोडक्यात पी.सी., असावी लागते. तिचे किमान ५१ टक्के शेअर डॉक्टरांकडे हवेत. उरलेल्या ४९ टक्क्यांत नर्स, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे इतर परवानाधारक चालतात, पण त्यांची संख्या डॉक्टर भागधारकांपेक्षा जास्त असता कामा नये. भागधारक डॉक्टरचं निधन झालं तर त्याचे शेअर सहा महिन्यांत परवानाधारकाकडे गेले पाहिजेत. म्हणजे बायको ज्योतिषी, मुलगा अभियंता आणि मुलगी चित्रकार असेल तर बाबांचा दवाखाना त्यांच्याकडे राहू शकत नाही. विकलेल्या शेअरचे पैसे मिळतील, दवाखाना मिळणार नाही. आपल्याकडे ‘वडिलांचा दवाखाना’ ही केवढी मोठी इस्टेट असते, ते आठवून पाहा.

आणखी एक खाच. त्याच राज्यात बहुतेक खाजगी इस्पितळांना डॉक्टर थेट पगारावर ठेवता येत नाहीत. पण ना-नफा प्रतिष्ठान काढून त्याच्यामार्फत दवाखाना चालवता येतो, मात्र त्याला अट आहे. त्या दवाखान्यात किमान ४० डॉक्टर हवेत, किमान १० विशेषशाखा हव्यात, दोन तृतीयांश डॉक्टर पूर्णवेळ हवेत, आणि शिवाय तिथे संशोधन आणि शिक्षणही चाललं पाहिजे. ३९ डॉक्टर असले की वैद्यकी भ्रष्ट होते आणि चाळिसावा आला की शुद्ध होते, असं कुणाला वाटत असेल असं नाही. ही तडजोडीची भाषा आहे, आणि कायद्यात ती अशीच आकडे लावून बोलली जाते.

१९७३ साली केंद्राने एचएमओ कायदा करून आगाऊ वर्गणीवरच्या आरोग्ययोजनांसाठी राज्यांचे काही अडसर बाजूला केले. १९७९ साली केंद्राच्या व्यापार आयोगाने डॉक्टरसंघटनेला तिच्या नीतिनियमांतली, बिगरडॉक्टरांना नफा होऊ देण्याची मनाई काढायला लावली. अपिलं होऊन १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार पडली आणि आयोगाचा आदेश टिकला. ज्यांनी हा नियम पाळण्यात वाढवला, त्यांच्याच पुस्तकातून तो असा पुसला गेला. राज्यांच्या कायद्यांत मात्र तो जिथल्या तिथे राहिला. आई गेली, मूल जगलं.

आता खरी जादू. कंपनीला वैद्यकी विकत घेता येत नाही, तरीही २०२३ साली ॲमेझॉनने ‘वन मेडिकल’ ही दवाखान्यांची साखळी सुमारे ३.९ अब्ज डॉलर देऊन घेतली. हे कसं काय जमलं? ॲमेझॉनने घेतली ती व्यवस्थापन करणारी कंपनी. रुग्ण तपासणारे डॉक्टर ज्या पी.सी.त आहेत, त्या कागदोपत्री डॉक्टरांच्याच. अशा जवळपास प्रत्येक साखळीच्या किंवा व्हिडिओवर डॉक्टर भेटवणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, आम्ही वैद्यकीय सेवा देत नाही, ती स्वतंत्र वैद्यकीय संस्था देतात, अशा अर्थाचं वाक्य असतं. वाचकाच्या नजरेला ते वकिली शेपूट वाटतं. सगळा इमला त्या शेपटावर उभा आहे.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं नाव असतं, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस भलताच असतो. सर्टिफिकेट भाड्याने दिल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. अमेरिकेतल्या या व्यवस्थेचा सांगाडा तसाच आहे, फक्त ती उघडपणे, मोठमोठ्या वकिलांनी पाचशे पानांत बांधलेली असते. एक डॉक्टर शोधायचा. त्याच्या नावावर पी.सी.चे १०० टक्के शेअर. धंद्यात त्याला ‘फ्रेंडली डॉक्टर’ म्हणतात. अनेक राज्यांतल्या पी.सी. एकाच डॉक्टरच्या नावावर असू शकतात, आणि तिथल्या रुग्णांपैकी एकालाही त्याने कधी पाहिलेलं नसतं. पी.सी. मग व्यवस्थापन कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार करते. जागा, यंत्रं, बिलं, जाहिरात, संगणक, स्वागतकक्षातली माणसं, सगळं कंपनी पुरवणार आणि त्याची फी घेणार. फी नेमकी किती, यातच नफा बसवलेला असतो. कॅलिफोर्नियात ही फी उत्पन्नाच्या टक्केवारीत घेता येते, न्यूयॉर्कमध्ये टक्केवारी म्हणजे फीची वाटणी, आणि ती निषिद्ध. तोच करार, तीच शाई, आणि विमानाने पाच तास गेलं की बेकायदा.

यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद बहुधा सगळ्यात पातळ असतो. त्याचं नाव ‘स्टॉक ट्रान्सफर रिस्ट्रिक्शन ॲग्रीमेंट’. तो जवळून पाहण्यासारखा आहे. पहिलं कलम सांगतं की डॉक्टरने आपले शेअर व्यवस्थापन कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विकायचे नाहीत, गहाण ठेवायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. दुसऱ्यात यादी असते. परवाना गेला, निधन झालं, डॉक्टर नोकरी सोडून गेला, किंवा काही करारांत नुसती कंपनीची इच्छा झाली, की शेअर कंपनी सांगेल त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. तिसऱ्यात किंमत, आणि ती नाममात्र असते. म्हणजे डॉक्टर मालक आहे, पण मालकी विकू शकत नाही, धरून ठेवू शकत नाही, आणि सकाळी उठल्यावर ती आपल्याकडे आहे की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर. मालकालाच त्याच्या कंपनीतून अशा रीतीने बडतर्फ करता येतं, हे वाचल्यावर मी तरी थोडा वेळ नुसता त्या कागदाकडे बघत राहिलो.

याहून मोठा चमत्कार हिशेबाच्या वह्यांत आहे. व्यवस्थापन कंपनी शेअर बाजारात असेल तर तिला पी.सी.चं उत्पन्न आपल्या ताळेबंदात दाखवायचं असतं, आकडे मोठे दिसले की भाव वाढतो. पण दुसऱ्याचं उत्पन्न आपल्या वहीत कधी लिहिता येतं? तर त्यावर आपलं नियंत्रण असेल तेव्हाच. १९९७ साली अमेरिकेतल्या हिशेबपद्धतीच्या नियमकर्त्यांनी नेमका हा प्रश्न घेऊन नियम लिहिला. डॉक्टर भागधारक जर ‘नॉमिनी’ असेल, म्हणजे कंपनीला तो नाममात्र खर्चात, स्वतःच्या मर्जीने केव्हाही बदलता येत असेल, करार किमान १० वर्षांचा असेल आणि कामकाजावर कंपनीचं नियंत्रण असेल, तर पी.सी.चा हिशेब कंपनीच्या वहीत धरा. म्हणजे तीच कंपनी एका दारात भागधारकांना सांगते की या दवाखान्यांवर आमचं नियंत्रण आहे, आणि पलीकडच्या दारात वैद्यक मंडळाला सांगते की छे, नियंत्रण डॉक्टरांचंच. दोन्ही कागद सार्वजनिक. दोन्हींवर सह्या. आणि कित्येक वर्षं दोन्ही दारांतली माणसं एकमेकांशी बोललीच नाहीत!

अधूनमधून न्यायालयं पडदा बाजूला करतात. टेक्सासमध्ये १९८६ साली एका प्रकरणात व्यवस्थापन कंपनी डॉक्टरसमूहाच्या निव्वळ नफ्याचे दोन तृतीयांश घेत होती. करार बेकायदा ठरला. २००५ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरवलं की ज्या वैद्यकीय संस्थेचे खरे मालक बिगरडॉक्टर आहेत तिची बिलं विमा कंपन्यांनी नाही भरली तरी चालेल. पण हे अपवाद. एरवी हा सांगाडा १९९०च्या दशकात फोफावला. ‘फायकॉर’ आणि ‘मेडपार्टनर्स’ या दोन कंपन्यांनी देशभर डॉक्टरांचे दवाखाने असेच गोळा केले, दोघींच्या अब्जावधी डॉलरच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, १९९८च्या जानेवारीत ते मोडलं, आणि २००२ साली फायकॉरने दिवाळखोरी जाहीर केली. वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. त्यानंतर आले खाजगी गुंतवणूक निधी. त्वचारोग, डोळे, भूल, आणि विशेषतः इस्पितळांतले आपत्कालीन विभाग. २०१८ साली केकेआर या निधीने आपत्कालीन डॉक्टर पुरवणारी ‘एन्व्हिजन’ ही कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरना घेतली. २०२१च्या डिसेंबरात आपत्कालीन डॉक्टरांच्या एका संस्थेने कॅलिफोर्नियात तिच्यावर दावा लावला. आरोप नेमका हाच होता की पी.सी. नावाला डॉक्टरची, चालवता तुम्ही. निकाल लागण्याआधीच, २०२३च्या मे महिन्यात, एन्व्हिजनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि नंतर कॅलिफोर्नियातून काढता पाय घेतला. त्याच वर्षी ‘जामा’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. निधींनी विकत घेतलेल्या इस्पितळांत, पडणं किंवा नळीवाटे संसर्ग होणं अशा टाळता येण्याजोग्या घटना इतर तुलनीय इस्पितळांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. इस्पितळातले मृत्यू मात्र किंचित कमी दिसले, कारण तुलनेने तरुण रुग्ण येत होते आणि काहींना दुसरीकडे हलवलं जात होतं, असा लेखकांचा अंदाज. हा अभ्यास इस्पितळांचा आहे, दवाखान्यांचा नव्हे, त्यामुळे तो झेपेल तेवढाच ताणावा.

माझं मत असं की शंभर वर्षं हा कायदा चुकीच्या खुंटीला बांधलेला होता. शेअर कोणाच्या नावावर, एवढंच तो विचारत राहिला. खरा प्रश्न आहे तो रुग्णाला दहा मिनिटं द्यायची की वीस, हे कोण ठरवतं, आणि वीस देणाऱ्या डॉक्टरला घरी कोण पाठवू शकतं. हे ओळखून कायदा लिहायला २०२५ साल उजाडावं लागलं. तो लिहिला ऑरेगनने. एकेकाळी लाकूडतोड्यांना आगाऊ वर्गणीवर उपचार देणाऱ्या खाजगी ‘हॉस्पिटल असोसिएशन’ तिथे होत्या, अनावश्यक शस्त्रक्रियांना त्या चाप लावायच्या, आणि डॉक्टरांशी त्यांचं भांडण १९५२ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यात डॉक्टर जिंकले होते. म्हणजे हा वाद तिथल्या पाण्यातच आहे.

राज्यपाल टीना कोटेक यांनी ९ जून २०२५ रोजी सही केलेला हा कायदा त्या पातळ कागदावरच बोट ठेवतो. व्यवस्थापन कंपनीला डॉक्टरच्या शेअरची सूत्रं हाती ठेवायला, काही अपवाद सोडता, मनाई. कंपनीचा मालक, संचालक किंवा नोकर असलेल्या माणसाने त्याच पी.सी.चा बहुसंख्य भागधारकही व्हायचं नाही. डॉक्टरच्या वैद्यकीय कुवतीवरून त्याला नेमणं-काढणं, रुग्णामागे किती वेळ द्यायचा ते ठरवणं, आजाराचे संकेतांक ठरवणं, दर ठरवणं, ही कामं कंपनीची नाहीत. डॉक्टरांना नोकरी सोडल्यावर त्याच गावात काम करायला बंदी घालणाऱ्या अटींनाही त्याने वेसण घातली. व्यवस्थापन कंपन्यांवरची ही बंधनं नव्या व्यवस्थांना १ जानेवारी २०२६पासून लागू झाली, जुन्यांना १ जानेवारी २०२९पर्यंत मुदत आहे. इस्पितळं, मानसोपचार, आणि केवळ दूरवरून चालणारी सेवा यांना सूट आहे, म्हणजे नवी भोकंही तयार आहेत. कॅलिफोर्नियानेही २०२५च्या ऑक्टोबरात गुंतवणूक निधींना डॉक्टरच्या निर्णयात ढवळाढवळ करायला बंदी घालणारा कायदा केला आणि तो बजावण्याचे अधिकार राज्याच्या महाधिवक्त्याला दिले.

भारतात डॉक्टरांसाठी असा नियम नाही. १९८३ साली चेन्नईत अपोलो उभं राहिलं तेव्हापासून कंपनीचं इस्पितळ आणि पगारी डॉक्टर हे चित्र आपल्याला सवयीचं झालं आहे. गंमत अशी की चार्टर्ड अकाउंटंटना मात्र आहे. १९४९च्या त्यांच्या कायद्यातलं २५वं कलम सांगतं की कुठल्याही कंपनीने चार्टर्ड अकाउंटंटचा व्यवसाय करायचा नाही. वह्या तपासणाऱ्याची निष्ठा विभागली जाऊ नये याची काळजी आपण घेतली, छाती तपासणाऱ्याबाबत ती घ्यावीशी वाटली नाही.

पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून गेलेले पुष्कळ डॉक्टर आज अमेरिकेत काम करतात. त्यांच्यापैकी कुणाला, किंवा तिथे शिकत असलेल्या तुमच्या मुलीला-भाच्याला, भांडवल न घालता एखाद्या साखळीच्या पी.सी.चं मालक व्हायचं निमंत्रण आलं, तर पगाराचं पान नंतर वाचा म्हणावं. आधी शेअर हस्तांतराचा करार मागून घ्या, त्याच राज्यातल्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, आणि मगच सही करा. सही झाल्यावर रुग्णांच्या बाबतीत काही चुकलं तर वैद्यक मंडळाची नोटीस कंपनीला जात नाही. ज्याच्या नावावर परवाना आहे, त्याला ती येते.